मय्यतीविना नमाज

“मय्यत समोर नसेल तर जनाज्याची नमाज आमच्यात होत नाही, मास्तर,” बिहारहून आलेले तरुण मौलाना खाली बघत म्हणाले. “आम्ही हनफी. तुम्ही कोकणातले शाफई. तुमच्या किताबात असेल तर तुम्ही पढवा. मी मागे उभा राहीन.”

कासम मास्तरांच्या मुलाची, मुबीनची, बोट बारा दिवसांपूर्वी तोंडवलीसमोर उलटली. बाकीचे तिघे पोहत आले. मुबीन सापडला नाही.

मास्तरांनी आणि मी एकाच शाळेत तीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर मी आंब्याच्या कलमांत रमलो, मास्तर इमामांत. चार मजहब, म्हणजे हनफी-शाफईसारख्या धर्मकायद्याच्या परंपरा, कशा घडल्या, कोण कुणाचा शागीर्द, अरबांच्या गलबतांबरोबर शाफई मत या किनाऱ्यावर कसं उतरलं, सगळं त्यांच्या वहीत. मी चिडवायचो, “हजार वर्सांपूर्वीची भांडणां कित्याक उकरतास?”

“भांडणां नाय रे भाई. माणसां विचार करीत होती,” ते म्हणायचे.

मशिदीतून घरी येऊन त्यांनी तीच वही उघडली. दूर मेलेल्या माणसासाठी नमाज शाफईंना मंजूर. पण खाली त्यांच्याच अक्षरात होतं: ज्याला शेवटची आंघोळ घालता आली नाही त्याच्यावर नमाज नाही, असं काही शाफई विद्वान म्हणतात, काही म्हणतात, पढावी. बाजूला लाल पेन्सिलीने ‘रंजक मतभेद’. त्या दोन शब्दांवर हात ठेवून मास्तर रडले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मुबीनची आई, झुलेखाभाभी, दारात उभ्या होत्या. ‘मुबीन गेला’ असं त्यांनी बारा दिवसांत कुणाला उच्चारू दिलं नव्हतं.

“काय लिवलेला आसा?” त्यांनी विचारलं.

“आंघोळ घातल्याशिवाय नमाज नाय, असा काय जण म्हणतत. तो तर गावलोच नाय. न्हाणवूचो कसो?”

भाभी आत येऊन वहीपाशी बसल्या.

“बारा दिस पाण्यातच आसा माझो झिल,” त्या म्हणाल्या. “आजून किती न्हाणवूचो तेका?”

मास्तरांनी वही मिटली.

दुपारच्या नमाजेनंतर मी मशिदीबाहेर चपलांपाशी उभा राहिलो. मौलाना पहिल्या रांगेत होते, मास्तर सगळ्यांच्या पुढे. समोर नुसती फरशी. ते जरा घुटमळले. मग दोन पावलं मागे सरले आणि एक माणूस आडवा मावेल एवढी जागा सोडून उभे राहिले.