मऊ रबर, कडक रबर

“मऊ टाकलं तर फाटतंय, कडक टाकलं तर घुमतंय. बोला भाऊजी, काय टाकू?” मिस्त्रीने गाडीखालूनच विचारले.

भाऊजी, म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, गॅरेजच्या दारात चष्मा पुसत उभे होते. निवृत्त शाळामास्तर. दाराच्या बिजागरीला तेल घालायचे असले तरी मेव्हण्याला विचारून घालणारे. “मला काय कळतंय त्यातलं,” ते म्हणाले. “बहीण तुझी आहे. तू म्हणशील ते.”

घोडे नेमके तिथेच अडले होते. या गाडीच्या मागच्या सीटखाली डिफरन्शियलचे लोखंडी गाडगे असते. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणे हे त्याचे काम. ते गाडीच्या अंगाला थेट बांधत नाहीत, मध्ये रबराची माउंटिंग घालतात. रबर मऊ असले की गाडग्याची थरथर तिथल्या तिथे जिरते आणि बसणारा सुखात राहतो; पण घाटाच्या चढावर पहिल्या गियरात गाडगे उसळ्या मारू लागते आणि मऊ रबर फाटते. कंपनीचे मूळ रबर मिळायचे कधीच बंद झाले होते, आणि बाजारातल्या रबराच्या पंधरा दिवसांत चिंध्या होत होत्या. कडक माउंटिंग फाटत नाही. मात्र ते काही जिरवतही नाही, सगळी थरथर आणि सगळा आवाज सरळ वर सीटमध्ये पाठवून देते.

एरवी असल्या प्रश्नाला मिस्त्रीने पाच मिनिटेही दिली नसती. पण मागच्या सीटवर बसायची होती ताई. तिच्या मणक्यात आणि कमरेच्या हाडांत कॅन्सर उतरला होता, आणि रेडिएशनचे शेक द्यायला तिला आठवड्यातून दोनदा घाटापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्यावे लागे. भाड्याच्या गाडीत तिला पाय लांब करता येत नसत, म्हणून ही जुनी लांबरुंद गाडी. आणि ती दोनदा घाटात रबर फाटून बंद पडली होती. शेकाच्या मशीनची वेळ अकराची; ती हुकली की नंबर गेला. मध्ये खंड पडला तर आधीचे शेकही पाण्यात, असे डॉक्टरांनी बजावले होते.

म्हणजे मऊ रबराने ताई सुखात बसणार पण पोचेल की नाही याचा भरवसा नाही, आणि कडक रबराने नक्की पोचणार, पण दुखऱ्या हाडांत थरथर घेऊन. इकडे आड, तिकडे विहीर. “कडकच टाकतो,” मिस्त्री शेवटी म्हणाला. “पण आधी मी मागं बसून बघणार. मला जाणवलं तर तिथंच काढून टाकीन.”

ही त्याची जुनी पद्धत. गाडी दुरुस्त झाली की तो स्वतः चालवून बघत नसे. मालकाला चालवायला बसवायचा आणि आपण चपला काढून मागे बसायचा, तळवे सीटवर, तळपाय खालच्या पत्र्यावर, डोळे मिटलेले. “चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं,” तो सांगायचा, “गाडीचं दुखणं मागं बसणाऱ्यालाच कळतं.” बाकीचे मिस्त्री त्याला हसायचे, महाराज समाधीला बसले म्हणायचे. गिऱ्हाईक मात्र त्याच्याकडेच जायचे. त्याने मागे बसून ‘आता काही नाही’ म्हटले की खरेच काही नसायचे.

त्या दिवशीही तो तसाच बसला. भाऊजींनी गाडी सपाट रस्त्याला काढली आणि साठ, सत्तर, पंचाहत्तरपर्यंत नेली. मिस्त्रीला बारीकशी गुणगुण ऐकू आली. तळव्यांना आणि तळपायांना काहीच नाही. एवढे कडक माउंटिंग आणि गाडी एवढी शांत, याचे त्याला स्वतःलाच नवल वाटले. संध्याकाळी त्याने ताईला सांगितले, “थोडा आवाज येईल. थरथर अजिबात नाही. मी बसून बघितलंय.”

“तू बघितलंस ना, मग झालं,” ताई म्हणाली.

त्यानंतर अकरा फेऱ्या झाल्या. गाडी एकदाही अडली नाही आणि मिस्त्री मनातल्या मनात फुशारला. ताई मात्र दर फेरीला खचत चालली होती. परत आली की दोन दोन दिवस तिला कूस बदलता येत नसे. शेकाचा त्रास होणारच, असे भाऊजी म्हणत, आणि त्यावर कोण काय बोलणार.

बाराव्या फेरीला भाऊजींच्या डोळ्याचे ऑपरेशन झालेले होते, म्हणून गाडी मिस्त्रीने घेतली. घाट झोकात चढला. ताई मागे उशीला टेकून बसली होती. “धाकट्या,” ती म्हणाली, “लहानपणी तुला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर गेली. आता ने मला.” दोघेही हसले. घाट उतरल्यावर सपाट रस्ता लागला, मिस्त्रीने वेग वाढवला आणि सहज आरशात पाहिले.

ताईने दोन्ही तळवे सीटवर रोवले होते आणि अख्खे अंग सीटपासून उचलून धरले होते. डोळे घट्ट मिटलेले. काटा बहात्तरवर होता. पुढे ट्रक आडवा आला, काटा पन्नासवर उतरला आणि ताई हळूच सीटवर टेकली. ट्रक मागे पडला, काटा चढला, तशी ती पुन्हा उचलली गेली.

तिसऱ्यांदा मिस्त्रीने मुद्दाम करून पाहिले. पासष्टला काही नाही. अडुसष्टला तिची बोटे वळली. सत्तरला ती वर झाली. आयुष्यभर त्याने गाड्यांची दुखणी अशीच शोधली होती, काट्यावर नजर ठेवून, एकेक पायरी चढत. आज तो हे बहिणीच्या अंगावर करत होता. त्याने गाडी कडेला घेतली.

“ताई, थरथर लागतेय तुला.”

“जराशी.”

“कधीपासून?”

ती खिडकीबाहेर बघू लागली. “पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“तू बसून बघितलं होतंस ना,” ताई म्हणाली. “तू म्हणालास थरथर नाही. मला वाटलं, माझीच हाडं दुखतायत. उगाच गाडीवर कशाला ढकलायचं.”

मिस्त्रीने स्वतःच्या तळव्यांकडे पाहिले. गेल्या थंडीत गॅरेजातून घरी येताना त्याची एक चप्पल वाटेतच राहिली होती आणि बायकोने विचारेपर्यंत त्याला पत्ता नव्हता. साखरेच्या डॉक्टरांनी विचारले होते, हातपाय बधिर वाटतात का. तो नाही म्हणाला होता. हाताला कळत नाही असे मिस्त्रीने एकदा कबूल केले की त्याच्याकडे गाडी कोण आणणार, या भीतीने तो स्वतःशीसुद्धा खोटे बोलत आला होता. आणि त्याच मेलेल्या हातापायांची साक्ष काढून त्याने ताईला अकरा वेळा या सीटवर बसवले होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्याला झाले.

“माझ्या हातापायांना कळत नाही ताई,” तो म्हणाला. “साखरेनं गेलेत. कुणाला बोललो नाही मी.”

ताईने त्याच्याकडे नुसते पाहिले. ती चिडली असती, दोन शब्द बोलली असती तर त्याला हलके वाटले असते. “किती वाजले?” तिने विचारले.

“दहा वीस.”

“पन्नासनं गेलो तर पोचू?”

“सव्वाअकरा होतील.”

“मग चल सत्तरनं. अकरा सोसले, आता बारावा चुकवायचा का?”

मिस्त्रीने आरसा वर फिरवून टाकला. थोडे पुढे गेल्यावर त्याने तो परत सरळ केला. तिने सोसायचे आणि आपण बघायचेही नाही, हे त्याला पटेना. उरलेला सगळा रस्ता त्याचा पाय पेडलवर दाबलेला होता आणि ताई मागे हातांवर तोललेली होती.

पाच मिनिटे आधी पोचले. पण शेक दिलाच नाही. आधी हाडांचे फोटो काढले, मग डॉक्टरांनी एकट्या मिस्त्रीला आत बोलावले. खूप पसरले आहे, म्हणाले, आता शेकाचा उपयोग नाही. “यापुढे त्यांना आणू नका. एवढा प्रवास नको. घरीच सुखात ठेवा.” मिस्त्रीने मान हलवली. आजची सत्तरची फेरी फुकट गेली, एवढेच त्याच्या डोक्यात घोळत राहिले. भाऊजींना आधी सांगायचे, मग ताईचे बघू, असे ठरवून तो बाहेर आला.

“मशीन बिघडलंय,” त्याने ताईला सांगितले. “कळवतो म्हणाले.”

“एवढं मोठं मशीन, आणि धड मिस्त्री नाही वाटतं त्यांच्याकडे,” ताई म्हणाली, आणि त्याचा हात धरून गाडीत बसली.

परतीला त्याने काटा पन्नासच्या वर जाऊ दिला नाही. मागून ट्रक भोंगे वाजवत होते. ताई आता सबंध पाठ टेकून बसली होती. मिस्त्रीला राहवेना. आपण जे केले ते निस्तरायची त्याला घाई झाली होती. “उद्याच गाडी वर घेतो,” तो म्हणाला. “कडक काढून मऊ रबर टाकतो.”

ताईने पाठीमागची उशी नीट केली.

“मऊ रबर घाटात टिकत नाही ना?” ताईने विचारले.

मिस्त्रीने तोंड उघडले. नवे चांगले रबर मिळेल असे तो सांगू शकला असता. ते त्याच्या ओठांवर आलेही होते. पण या सीटबद्दल तिला एकदा खोटे सांगून झाले होते, दुसऱ्यांदा त्याच्याने होईना. तो समोर रस्त्याकडे बघत राहिला.

“टाक,” ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. “मऊच टाक. आणि डॉक्टरांचं ह्यांना तू काही बोलू नकोस. डोळ्याची पट्टी निघू दे, मग मीच सांगेन.”

“बरं,” मिस्त्री म्हणाला.

भोंगे वाढले. मागे पाच-सहा गाड्या खोळंबल्या होत्या. मिस्त्रीने खिडकीतून हात बाहेर काढला आणि एकेकाला पुढे जायची खूण करत राहिला.