तेहतीस अंशांवर

महानंदाने जेलची काळपट हिरवी चकती चिमट्याने उचलून भांड्यातल्या पाण्यात सोडली आणि पाणी तापवायला सुरुवात केली. तापमान तेहतीस अंशांवर गेलं तशी चकती आकसू लागली. अंगातलं पाणी सोडत सोडत ती बटणाएवढी झाली, पण या वेळी तडकली नाही. तारांनी जोडलेल्या मीटरवरचा आकडाही शून्यावर आला नाही. वीज वाहत होती.

तिने भांड्यात बर्फ टाकला. चकती हळूहळू पुन्हा फुगली.

चार वर्षं हेच जमत नव्हतं. नुसतं जेल उष्णता ओळखायचं, पण त्यातून वीज जात नसे. वीज वाहून नेणारं पॉलिमर मिसळलं, की ते ठिसूळ व्हायचं आणि तापवताना तुकडे पडायचे.

"जमलं," ती म्हणाली.

प्रयोगशाळेत कुणीच नव्हतं. सोलापुरातला मे महिना, विद्यापीठाला सुट्टी. बरोबरीची उत्कर्षा कोरियाला गेली त्याला वर्ष झालं. सर निवृत्त होऊन मुलाकडे हैदराबादला गेलेले. त्यांना लावलेला फोन वाजून वाजून बंद झाला.

मग तिने गावी, केमला, आईला फोन लावला.

"आई, जमलं बघ. जेल तापलं की आकसतं, आन् आता त्यातनं वीज बी जाती."

"मंग हात लावू नको गं, शॉक बसंल."

"न्हाय बसत. लई थोडी असती."

"बरं झालं बाई. तुज्यासंगची मानसं लई खुश झाली आसतील की."

"व्हय. समदी हितंच हायती. टाळ्या वाजवल्या."



"मंग कुनाचाच आवाज कसा येत न्हाय गं?"

महानंदाने ओळीने मांडलेल्या रिकाम्या स्टुलांकडे पाहिलं. ओढणीच्या टोकाने टेबलावर सांडलेलं पाणी पुसलं. कोरडं झाल्यावरही पुसत राहिली.



"फोन ठिवू नको," आई म्हणाली. "मी ज्वारी निवडत बसलीया. चालूच ऱ्हाऊ दे. तू तुजं काम कर."

महानंदाने फोन स्पीकरवर टाकून बाटलीला टेकवून उभा केला. तिकडून सुपातल्या दाण्यांची सळसळ येऊ लागली. तिने वही उघडली आणि पाणी पुन्हा तापायला लावलं.

"पंचवीस," थर्मामीटर बघत ती पुटपुटली.

"मोट्यानं म्हन की."

"सव्वीस."

"व्हय," आई म्हणाली.