टेकडीवरची बावीस घरं

धरणाचं पाणी चढलं आणि बहिरूवाडीच्या टेकडीचं बेट झालं. भातखाचरं बुडाली, वर बावीस घरं उरली. पाच वर्षांनी, एकोणऐंशी साली, नाशिकच्या एका संस्थेनं या लोकांच्या जीवनमानाचा अभ्यास काढला आणि विमल गांगुर्डेला तिकडे पाठवलं. विमल नुकतीच बी. ए. झालेली, तिच्या वस्तीतली पहिलीच. टायरच्या ट्यूबांच्या तराफ्यावर जीव मुठीत धरून ती पलीकडे पोचली.

आठ दिवस ती लंकाबाईच्या घरी राहिली. म्हातारी स्वतः जेवायची थांबून तिला गरम नागलीची भाकरी वाढायची. विमल घरोघर फॉर्म भरत होती.

"सहा महिन्यांत घरात कोणी आजारी?"

"नाय."

"समाधानी आहात?"

"बरं हाय, बाई."

बावीस घरांत हेच उत्तर. विमलला नवल वाटलं, पण तिनं फॉर्मवर तशाच खुणा केल्या.

अहवाल छापून आला : 'बेटावरील समाज निरोगी व समाधानी.' आत बारीक अक्षरात विमलचं नाव होतं. ती हौसेनं प्रत घेऊन बेटावर गेली. लंकाबाईचा दीर पुंजाराम विमलपुढं एक सरकारी कागद घेऊन आला. वाडीनं होडी मागितली होती. उत्तर आलं होतं की, अभ्यासानुसार रहिवासी समाधानी असल्यानं होडीची निकड दिसत नाही.

"हे कोनी लिवलं?" पुंजारामनं विचारलं.

विमल लंकाबाईकडे वळली. "मावशी, तुम्हीच म्हणालात, बरं आहे."

"तू पाव्हनी आलती," लंकाबाई म्हणाली. "जेवत्या मानसाला काय सांगू, माझी सून बाळंत व्हाया नेताना तराफ्यावरच गेली म्हनून?"

"पण आजारी कोणी नाही, असं..."

"नव्हतंच कोनी. हितं आजारी पडलेलं मानूस ऱ्हातं व्हय? जातं. तू जित्यांनाच इचारलं."

विमल दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या सरांपुढं उभी राहिली. "सर, अहवाल दुरुस्त करायला हवा."

सरांनी कपाटातून भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "अक्षर तुमचंच ना, गांगुर्डे? सह्याही तुमच्याच."

तिनं स्वतःच्या नावानं कलेक्टर कचेरीत सगळं लिहून दिलं. महिनाभरात संस्थेनं तिला घरी बसवलं. होडी काही आली नाही. पाण्याला कंटाळून वाडीतली माणसं एकेक करत उठून गेली.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्र्यंबकच्या एसटी स्टँडवर विमलला लंकाबाई दिसली. करवंदं विकत होती.

"मावशी!" विमलनं हाक मारली.

म्हातारीनं वर पाहिलं. ओळखलं. मग पाटी डोक्यावर घेऊन ती पलीकडच्या गाडीच्या खिडक्यांकडे निघून गेली.