रिकाम्या खोलीचा आवाज

गिरणीवाली सकाळीच न्हाऊन, ठेवणीतली साडी नेसून तयार झाली होती. फोटोवालीनं आल्या आल्या तिला रोजची साडी नेसायला लावली, वर मूठभर पीठ घेऊन तिच्या केसांवर, भुवयांवर भुरभुरलं.

"आता कशा खऱ्या दिसता, ताई!"

"मघाशी काय खोटी होते?" गिरणीवाली म्हणाली आणि खोकली.

गावोगावच्या प्रेरणादायी स्त्रियांचं प्रदर्शन भरणार होतं. भिंतीवर फोटो, शेजारी कानाला लावून ऐकायची मुलाखत. चौदा वर्षं एकहाती पिठाची गिरणी चालवणारी बाई त्यात हवीच. नवऱ्यानं ही बातमी तीन दिवस गावभर अशी फिरवली, की गिरणीचा पट्टा जणू त्याच्याच खांद्यावरून फिरत होता.

गिरणीवालीच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. पिठाची धूळ आता बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शहरातल्या मुलींच्या वसतिगृहात चादरी आणि कपाटं सांभाळायचं काम चालून आलं होतं. हो की नाही, ते आज बारापर्यंत कळवायचं होतं. घरात हा विषय तिनं सतरा वेळा काढला आणि सतराही वेळा वाक्य अर्ध्यावर राहिलं. सासूबाईंना नेमकं तेव्हाच पाणी हवं असे, नाहीतर नवऱ्याची पाठ धरे.

फोटोवालीबरोबर मुलाखत टिपायला आलेल्या आवाजवाल्यानं गिरणी थांबवली, पंखा बंद केला, दार-खिडक्या लावून घेतल्या. आतला उकाडा अंगावर बसला.

"बोलणार फक्त ताई," त्यानं दम भरला. "मध्ये कुणी बोललं, की पहिल्यापासून."

फोटोवालीनं विचारलं, "ही गिरणी म्हणजे तुमच्यासाठी काय आहे?"

"काम."

"तिचा जीव आहे हो गिरणीत!" नवरा म्हणाला.

"पहिल्यापासून."

दुसऱ्या खेपेला गिरणीवालीनं धीर केला. "मला आता ही गिरणी सोडून..." पुढचं खोकल्यानं खाल्लं.

"खोकला काढून टाकू आपण," फोटोवाली हसून म्हणाली.

"अगं, चार लोक ऐकणार आहेत, जरा बरं बोल की!" सासूबाई.

"पहिल्यापासून."

गिरणीवालीनं बंद दाराकडे पाहिलं, मग समोरच्या चेहऱ्यांकडे. सगळे एकाच वाक्याची वाट पाहत होते. तिनं ते देऊन टाकलं. "गिरणी आहे, तोवर मी आहे."

फोटोवालीचे डोळे भरून आले. नवऱ्यानं मान डोलावली. आता हे वाक्य अनोळखी लोक कानाला लावून ऐकणार आणि ती भिंतीवर पीठ माखून हसत राहणार. घड्याळात बाराला दहा कमी होते.

"झालंच," आवाजवाला म्हणाला. "आता फक्त रिकाम्या खोलीचा आवाज घेतो. मुलाखतीचे तुकडे जोडताना मध्ये भरायला लागतो. एक मिनिट कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही."

दहा सेकंद झाले आणि ती खोकली. पुन्हा सुरुवात. पुन्हा खोकली. एरवी गिरणीच्या घरघरीत बुडणारा तो खोकला आज रिकामा डबा बडवल्यासारखा खोलीभर वाजला. सासूबाई जमिनीकडे बघत राहिल्या. नवऱ्याला उगीचच नखं कुरतडावीशी वाटली.

चौथ्यांदा आवाजवाला वैतागला. "ताई, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

ती बाहेर आली. मागून दार लागलं.

आत नवरा होता, सासू होती आणि दोघांनाही तोंड उघडायची मनाई होती. अशी वेळ चौदा वर्षांत आली नव्हती. तिनं कमरेचा फोन काढला.

"वसतिगृह ना? गिरणीवाली बोलतेय. हो, येते. एक तारखेपासून. नाही नाही, घरी कळलंय." तिनं बंद दाराकडे पाहिलं. "आत्ताच कळलं."

आत खुर्ची करकरली. कुणीतरी तोंड उघडून पुन्हा मिटलं असावं.

"श्श!" आवाजवाला आतून ओरडला. "बाहेर कोण बोलतंय? पुन्हा घ्यावं लागणार. कुणी जागचं उठायचं नाही!"

गिरणीवाली पायरीवर टेकली, केसांतलं पीठ झटकलं आणि मनसोक्त खोकली.