गोळीआधीचे प्रश्न

१९४८ साल. बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी विजयमालेचा डावा पाय मांडीपर्यंत सुजून पांढराफटक पडला होता. शिरेत रक्ताची गाठ. ती सुटून छातीत गेली की दोन मिनिटांत सगळं आटोपतं. मुंबईच्या एका डॉक्टर मित्रानं पाठवलेली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची बाटली घेऊन मी आज कारंज्याहून पुन्हा आसेगावला आलो होतो; काल तिला नुसतं तपासून गेलो होतो. अशी गोळी मी आजवर कुणालाच दिली नव्हती.

या गोळीचा परिणाम दिसायला दोन दिवस लागतात, आणि एकदा पोटात गेली की ती परत काढता येत नाही. रक्त तपासायची सोय थेट नागपूरला. म्हणून आधी प्रश्न.

"हिरड्यांतून रक्त येतं?"

"नाई," सासू गोजराबाई म्हणाली.

"शौचाला काळं होतं?"

"नाई."

"अंगावरून जातं अजून?"

"कवाचंच बंद झालं."

माझं डोकं फिरलं. "आजारी कोण आहे, तुम्ही की ती? तिला बोलू द्या."

विजयमालेनं सासूकडे पाहिलं आणि नुसती नकारार्थी मान हलवली.

बाटलीचं बूच मी काढलंही होतं. पण बाळंतिणीच्या खोलीतलं खरं कपडे धुणाऱ्या सुईणीला ठाऊक असतं. "तुळसाबाईला बोलवा," मी म्हटलं.

"तिले कायले बोलावता?" गोजराबाई उठलीच. "देऊन टाका ना गोयी!"

तुळसाबाई मागच्या दारी कपडेच पिळत होती. तिनं सरळ सांगितलं, "परवापासून पुन्हा लालभडक चालू हाय, डाक्तर. दिवसाले सात-आठ कपडे."

मी गोजराबाईवर असा ओरडलो की पाळण्यातलं पोर दचकून रडायला लागलं. "ही गोळी दिली असती तर रक्त थांबलंच नसतं! जीव घेत होता तुम्ही तिचा!"

ती भिंतीला टेकून खाली बसली. "माही लेक रुपा अशाच पायानं गेली. उठून बसली, छातीत कळ आली, अन् गेली. काल तुमीच म्हनलं, तवा ही गोयी असती तर वाचली असती. अन् तुमीच म्हनलं, रगत जात असन तर देता येत नाई." तिनं पदर तोंडाशी धरला. "खरं सांगतलं असतं तर देली असती का?"

काल शहाणपण मिरवत मी हे दोन्ही बोलून गेलो होतो. मला स्वतःचीच लाज वाटली.

"नाही," मी म्हटलं आणि बाटलीला बूच लावलं.

"मंग आता मले काय देता?" विजयमालेनं विचारलं. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली होती.

माझ्या बॅगेत दुसरं काहीच नव्हतं.