पठारवाडीच्या झेंड्याला लागलेले कुंकू

मित्रांनो, मी एक जुना झेंडा आहे, पण जुना म्हटल्यावर लगेच फाटकातुटका समजू नका. माझे वय अवघे नऊ वर्षांचे आहे. वर्षातून तीन दिवस काम आणि उरलेले दिवस लोखंडी कपाटात आराम, अशी माझी नोकरी. मग मी जुना कसा झालो? तेच तर तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म नांदेडकडे झाला. कापसाचे सूत निघाले, त्याची खादी विणली गेली, रंग चढले आणि मधोमध निळे चक्र उमटले. चक्राचे चोवीस आरे दोन्ही बाजूंनी एकाच जागी यावे लागतात आणि लांबी रुंदीच्या बरोबर दीडपट लागते. जरा चूक झाली की कापड बाजूला! एवढ्या परीक्षांतून पास झाल्यामुळे माझ्या अंगात पहिल्यापासून थोडा ताठा आहे, हे मी लपवत नाही.

तिथून मी भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या डोंगरात, पठारवाडीच्या शाळेत आलो. वाडीत घरे अकरा. माणसांपेक्षा शेरडे जास्त. शाळेच्या दोन खोल्या, नऊ मुले आणि शिकवायला सारोळ्याच्या अश्विनीबाई. माझ्या घराण्याचा इतिहास मला त्यांच्यामुळेच पाठ झाला. स्वातंत्र्याआधीच्या झेंड्यावर चरखा होता. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने आमचे आजचे रूप ठरवले आणि चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. केशरी रंग धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा सत्याचा आणि शांतीचा, हिरवा समृद्धीचा. चक्र सांगते, चालत राहा. चौथीतल्या वैष्णवीला विचाराल तर हिरवा म्हणजे श्रावणातला समोरचा डोंगर. मला तिचेही म्हणणे पटते.

हे सगळे ऐकणारे आणखी एक माणूस होते. शाळेच्या दाराबाहेर चूल मांडून मुलांची खिचडी रांधणाऱ्या सारजामावशी. बावीस वर्षे त्या रोज तासभर चढून वाडीत येत. बाईंचे निम्मे शिकवणे त्यांच्या कानावर पडे आणि उरलेले निम्मे फोडणीच्या आवाजात बुडून जाई.

यंदा मावशींचे काम संपणार होते. म्हणून बाईंनी पंचवीस जानेवारीच्या सकाळी सगळ्यांसमोर सांगितले, "उद्या झेंडा सारजामावशी फडकवणार."

मावशींच्या हातातला पळा तसाच राहिला. "म्या? आवं बाई, झेंडा सरपंच फडकावत्यात, पावणं फडकावत्यात. मी खिचडीवाली."

"बावीस वर्षं मुलांना जेवू घातलंत. तुमच्यापेक्षा मोठा पाहुणा कुठून आणू?"

मावशी पुन्हा चुलीकडे वळल्या. पण त्या दिवशी खिचडीत मीठ दोनदा पडले, यावरून काय ते ओळखा.

दुपारी बाईंनी मला इस्त्री करून टेबलावर पसरले आणि त्या मुलांना घेऊन मैदानात पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारायला गेल्या. जेवणे उरकून घरी जाऊन आलेल्या मावशी आत आल्या. अंगावर ठेवणीतले लुगडे होते. मोठ्या कामाला निघणाऱ्या वस्तूची आधी पूजा करायची, ही त्यांच्या घरची रीत. दसऱ्याला कोयता पुजतात, नवी जीप आली की तिला हळदकुंकू लावतात, गाभण म्हैस व्याली की तिच्याही कपाळाला बोट टेकवतात. मग उद्या ज्याला आभाळात चढवायचे, तो तसाच कोरडा कसा जाईल? त्यांनी पदराखालून डबी काढली आणि माझ्या पांढऱ्या पट्ट्यावर, चक्राच्या अगदी शेजारी, आधी हळदीचे आणि मग कुंकवाचे बोट लावले. माझ्यासमोर नारळ ठेवला आणि हात जोडले.

"माज्या हातनं नीट चढ रं बाबा," त्या पुटपुटल्या.

मित्रांनो, नऊ वर्षांत मला पुष्कळांनी सलाम केला होता, पण अशी विनवणी कोणी केली नव्हती. मला फार बरे वाटले, आणि पाठोपाठ धडकीही भरली. कारण नियम मला ठाऊक होता. झेंड्यावर काही लिहायचे नाही, कसली खूण करायची नाही. डागाळलेला झेंडा चढवायचा नाही.

बाई परत आल्या आणि दारातच थबकल्या. "मावशी! हे काय केलंत?"

बाईंचा चेहरा बघून मावशी इतक्या घाबरल्या, की मला उचलून थेट नळावर पळाल्या आणि साबणाची वडी खसाखसा घासू लागल्या. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे त्यांना जन्मभर माहीत होते. पण घाबरलेला माणूस माहीत असलेलेच आधी विसरतो. बोटाएवढा डाग तळहाताएवढा झाला आणि चक्राच्या आऱ्यांपर्यंत जाऊन पोचला. करायला गेले एक आणि झाले भलतेच!

बाईंनी मला स्वच्छ पाण्यातून काढले आणि शाळेच्या पडवीत, दोरीवर उन्हात वाळत घातले. हळद उन्हाने उडते, एवढीच आता आशा होती. मी जिवाच्या आकांताने ऊन प्यायलो. हळद बरीच गेली. कुंकवाचा गुलाबी ओघळ मात्र दिवस मावळला तरी जागचा हलला नाही.

सव्वीस जानेवारीला सकाळी सगळी वाडी जमली, पण मावशी मैदानात आल्या नाहीत. त्या विझलेल्या चुलीपाशी तोंड फिरवून बसल्या होत्या. वाडीतले सर्वांत वडीलधारे गेनबाआबा मला न्याहाळत म्हणाले, "एवढंच व्हय? चढवा की! मारुतीला आपण शेंदूर लावतो, त्यानं मारुती कमी होतो का? मायेनं लावलंय, पाप न्हाई केलं."

मला वाटले, आबांचे ऐकावे. खरे सांगतो, एकदा शेवटचे फडकायचा मोह मलाही झाला.

पण बाई म्हणाल्या, "आबा, देव ज्याचा त्याचा असतो. कुणाचा मारुती, कुणाचा बिरोबा. ज्यानं त्यानं आपल्या देवाला हवं ते लावावं. झेंडा सगळ्यांचा आहे. प्रत्येकानं आपापल्या मायेची खूण त्यावर केली, तर तो सगळ्यांचा राहायचा कसा?"

आबांनी मुंडासे सारखे केले. "ह्ये बाकी खरं. मग दुसरा आणा. आमी थांबतो."

जीपवाल्या दत्ताने लगेच जीप काढली. खालच्या गावच्या ग्रामपंचायतीत एक कोरा झेंडा होता, पण ग्रामसेवक नसरापूरहून यायचे, त्यांचे झेंडावंदन व्हायचे आणि मगच कपाट उघडायचे. आठचा कार्यक्रम साडेदहापर्यंत लांबला. एकही माणूस घरी गेला नाही. शेरडे मात्र फक्कीच्या रेघा तुडवून गेली.

तेवढ्या वेळात बाई चुलीपाशी जाऊन मावशींच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मी त्यांच्या हातावर घडी होऊन होतो, म्हणून सगळे ऐकले.

"चला मावशी. झेंडा येतोय."

"मी न्हाई. माज्या हातानं डागला झेंडा. पोरं काय म्हणतील? आबाच्या हातानं चढवा."

"पोरांना मी महिनाभर शिकवलं, झेंडा कसा धरायचा, कसा जपायचा. तुम्हाला कधी शिकवलं का? तुम्ही दारात होता आणि मी दाराच्या आतल्यांनाच सांगत बसले. चूक तुमची बोटभर असेल, तर माझी हातभर आहे."

मावशींनी पदराने डोळे पुसले. इतक्यात वैष्णवी धावत आली. "मावशी, गाठ कशी सोडायची ते मी दाखवू? आधी हळू वढायचं, मग एकदम झटका. मला येतं."

"तुला येतं व्हय?" म्हणत मावशी तिचा हात धरून उठल्या.

जीप आली. बाईंनी नव्या झेंड्यात झेंडूच्या पाकळ्या ठेवल्या, गाठ मारली आणि तो वर चढवला. मावशींनी दोर धरला. एकदा ओढले, काही झाले नाही. दुसऱ्यांदा ओढताना वैष्णवी शेजारून ओरडली, "झटका!" आणि गाठ सुटली. मावशींच्या पांढऱ्या केसांवर पाकळ्या पडल्या. राष्ट्रगीत सुरू झाले. मावशी ताठ उभ्या होत्या, डोळे मिटत नव्हत्या, कारण पाणी आले तरी झेंड्यावरून नजर काढायची त्यांची तयारी नव्हती. मी बाजूच्या टेबलावरून हे पाहिले. नऊ वर्षे मी वर होतो, म्हणून झेंड्याकडे पाहणारे माणसाचे तोंड इतक्या जवळून मला कधी दिसलेच नव्हते.

मित्रांनो, निकामी झालेला झेंडा कुठेही टाकत नाहीत. त्याला एकांतात, मानाने अग्नी देतात. येत्या रविवारी सकाळी बाई आणि मावशी ते करणार आहेत. मावशींनीच मागून घेतले ते काम.

जाण्याआधी एक विनंती. कागदाचे असोत की कापडाचे, आमची भावंडे दुसऱ्या दिवशी रस्त्यात पडलेली दिसली तर उचला. आणि कोणी न कळता चुकले तर त्याला हसू नका, शेजारी बसून सांगा. माझ्यासाठी कोणी रडत असेल तर त्याला सांगा, की मी दुःखी नाही. लोकांनी मला देशाचा म्हणून वंदन केले. एका बाईने मात्र मला घरचा समजून कुंकू लावले. ते चूक होते. पण रविवारी मी ते लावूनच जाणार आहे.