परका दात

प्रयोगशाळेचे साहेब माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले होते आणि मला ते मुळीच खपत नव्हतं. दुपारच्या सभेत मी सांगणार होते, की समोरच्या जबड्याचा मालक, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांचा आद्य पूर्वज, अजून पुरता शाकाहारी झालेला नव्हता. मागचे दात पानासारखे रुंद, जाड कंगोऱ्यांचे. पुढचा एक मात्र सुरीसारखा बाकदार. म्हणजे पाला खाता खाता मांसही. माझी नोकरी कायम होणं या एका दातावर अडलं होतं. त्याचं मूळ जबड्यात दिसलं की झालं.

ते मूळ उघडं करत होते माझे बाबा. जीवाश्मावरचा दगड सुईने कोरण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बापलेक एकाच प्रयोगशाळेत म्हणून लोक कुजबुजतात, ते कुजबुजोत बापडे.

"इथला दगड सुटत नाहीये," बाबा पुटपुटले. त्यांनी ब्रशने अ‍ॅसिटोनचा थेंब सोडला. दाताच्या बुडाशी पिवळट चिकटा सुटला.

अ‍ॅसिटोनने दगड विरघळत नाही. विरघळतो तो आमचा गोंद.

दात अलगद चिमट्यात आला. मूळ नव्हतंच. मांस फाडताना शिकाऱ्याचे दात गळतात, तसा गळलेला. या बिचाऱ्याला ज्याने खाल्लं त्याचा. आणि खाली खोबणीत याचा स्वतःचा नवा दात उगवू घातलेला, अगदी पानासारखा. माझं केलंसवरलं सगळं पाण्यात गेलं.

"चिकटवला कोणी?" साहेबांनी विचारलं.

"मी. खोदकामावर असताना," बाबा म्हणाले. "शेजारीच पडला होता, खोबणीत चपखल बसला. इथलाच वाटला. सांगायचं राहून गेलं. पोरीला यातलं काही ठाऊक नाही."

"यापुढे या जबड्याला तुम्ही हात लावायचा नाही."

बाबांनी निमूट सुई माझ्यासमोर ठेवली. मला त्यांचा भयंकर राग आला होता. पण तो नवा दात पापुद्र्याइतका नाजूक होता, तो मोकळा करावा तर बाबांनीच; आणि बाबांपेक्षा साहेबांचा राग मला जास्त आला.

"सभेत सांगते मी, माझं चुकलं म्हणून," मी म्हटलं. "पण हा नवा दात बाबाच मोकळा करतील. नाहीतर जबडा कपाटात ठेवा, मी चालले घरी."

साहेब टेबलापासून बाजूला सरले. मी सुई बाबांच्या हातात दिली. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि नव्या दाताभोवतीचा पहिला कण सोडवला.